पुन्हाबाई आणि चार नंबरचा बोर्ड

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना माणूस नवा विषय सुरू करायला निघाला, की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. हे माझं मत होतं आणि ते मी स्टाफरूममध्ये चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. शेवटची दोन वर्षं माणसानं कशी काढावी? जुन्या नोट्स वाचून दाखवाव्यात, साठलेल्या रजा संपवाव्यात आणि निरोपसमारंभात कोण काय बोलेल याचा विचार करत बसावं. आमच्या पुन्हाबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी बत्तीस पानांचा प्रस्ताव टाईप केला, टाचला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. वर लिहिलं होतं: ‘पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी नवीन विषय – इलेक्ट्रिकल सर्किट अ‍ॅनालिसिस.’

माझ्या टेबलावर, कारण मी अभ्यास मंडळाचा सचिव. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुठलाही नवा विषय यायचा तर त्याचा कागद आधी माझ्या नजरेखालून जातो. माझी नजर बारीक आहे. बायकोचं म्हणणं असं, की देवानं मला डोळे दिलेत ते फक्त बारीक करायलाच. दूधवाल्यापासून दीरापर्यंत एकाही माणसाचं बोलणं मी सरळ घेत नाही, अशी तिची जुनी तक्रार आहे. दीर म्हणजे माझाच धाकटा भाऊ, आणि त्याच्याबद्दलचा माझा संशय खरा ठरला होता, हे ती सोयीस्करपणे विसरते.

पुन्हाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मुलांनी ठेवलेलं. प्रयोगशाळेत कुणीही आकडा घेऊन त्यांच्याकडे गेलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, “पुन्हा मोजा.” बरोबर असला तरी पुन्हा, चुकला तरी पुन्हा. मीटर हातात घेतला की आधी तो नव्याकोऱ्या सेलला लावून बघायच्या. “मीटर खरं बोलतोय का, ते आधी बघा. मग सर्किटला जाब विचारा.” बस स्टॉपवर वेळसुद्धा त्या दोघांना विचारायच्या. दोघांच्या घड्याळात फरक निघाला तर तिसऱ्याला. त्यांनी लग्न केलं नाही, त्यावरून स्टाफरूममध्ये एक विनोद फिरायचा, की स्थळ आलं तेव्हा बाई म्हणाल्या, पुन्हा बघते. विनोद माझाच होता. आज सांगायला लाज वाटते.

डिप्लोमा करून बाविसाव्या वर्षी त्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागल्या. निळा डगला, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, उजव्या तर्जनीवर सोल्डरिंगच्या चटक्याचा कायमचा पांढरा डाग. दिवसा आम्हा शिक्षकांसाठी टेबलं मांडायच्या आणि संध्याकाळच्या वर्गाला बसून त्यांनी नऊ वर्षांत पदवी घेतली. तेवीस वर्षं डगला घातल्यावर त्या शिक्षिका झाल्या. डगला गेला, स्क्रू-ड्रायव्हर तेवढा पर्समध्ये गेला. आम्ही काही जण त्यांना शिक्षिका मानायला तयार नव्हतो. तोंडावर ‘मॅडम’ म्हणायचो, पाठीमागे ‘आमची सहायक’.

तर तो प्रस्ताव. मी तो पहिल्या पानापासून डोळ्यांत तेल घालून वाचला. सर्किटचा भाग आमच्याकडे तेव्हा पहिल्या वर्षाच्या एका मोठ्या विषयात कोंबलेला होता. सहा आठवडे व्याख्यानं, आठ प्रयोग, संपलं. प्रयोगासाठी दहा तयार बोर्ड. वर आकृती छापलेली, आतलं काम पत्र्याखाली झाकलेलं. मुलांनी वायरी जोडायच्या, मीटर लावायचा, आलेला आकडा जर्नलमध्ये लिहायचा आणि आमची सही घ्यायची. आता तेही बोर्ड काढून प्रयोग कॉम्प्युटरच्या पडद्यावर घ्यायचं ठरलं होतं. आणि नेमकं याच वेळी बाई म्हणत होत्या, की सर्किटला स्वतंत्र विषय द्या, पूर्ण एक सत्र द्या आणि मुलांना पडद्याऐवजी बंद डबे द्या. डब्यात काय आहे ते कुणी सांगणार नाही. बाहेरून मोजायचं आणि आत काय असेल ते शोधून काढायचं. निम्मे गुण उत्तराला नाहीतच. कागदावरचं गणित आणि मीटरवरचा आकडा का जुळला नाही, ते समजावून सांगण्याला निम्मे गुण!

असला विषय मी जन्मात पाहिला नव्हता. उत्तर न जुळण्याचे गुण? माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यात विसाव्या पानावर एक रकाना होता: ‘विषय कोण शिकवणार’. तो कोरा. बत्तीस पानं टाईप करणारी, प्रत्येक आकडा तीनदा तपासणारी बाई हा एकच रकाना विसरेल? शक्यच नाही. कोरा ठेवलाय म्हणजे मुद्दाम ठेवलाय. निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळवून स्वतःच शिकवायचा डाव असणार, नाहीतर एखादा भाचा घुसवायचा असणार. भाचा होता की नाही मला माहीत नव्हतं. पण भाचे नसलेल्या माणसांना ऐन वेळी भाचे सापडतात, हा माझा अनुभव आहे.

चार दिवसांनी स्टोअरकीपर चहाच्या टपरीवर भेटला. हा माणूस कॉलेजचं भंगार सांभाळतो आणि बातम्याही. कानाशी येऊन म्हणाला, “सर, तुमच्या मॅडम काय करतायत म्हणे? रोज जुनी जर्नलं उपसतायत. दहा-दहा वर्षांपूर्वीची. पिशवी भरून घरी नेतात.”

“रीतसर नोंद करून नेतात?”

“तर! रजिस्टरला सही करतात, आणि मी लिहिलेली तारीख पुन्हा तपासतात.”

जुन्या जर्नलांत काय असतं? मुलांचे आकडे आणि आमच्या सह्या. त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. ती मला मिळणार होती, निदान घरी तरी मी तसं सांगून बसलो होतो. आणि इतकी वर्षं मी जर्नलं कशी तपासली, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ढीग समोर घ्यायचा, लाल पेन उघडायचं, उत्तराच्या रकान्यात छापील आकडा दिसला की सही, नाही दिसला की फुली. एका जर्नलला वीस सेकंद. सगळेच असं करायचे, पण लाल पेन फक्त माझं होतं. बाकीचे निळ्यानं सह्या करायचे. बाई माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतायत, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही.

मी त्यांच्या घरी जायचं ठरवलं. निमित्त शोधलं, एकोणिसाव्या पानावर सही राहिली आहे म्हणून. संध्याकाळी पाचच्या सुमारास गेलो. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण शिवणकाम करते. दारातून आत शिरलो तर समोर शिलाई मशीन, खुंटीवर अर्धवट शिवलेले ब्लाऊज, जमिनीवर कापडाचे तुकडे आणि भिंतीला लावलेल्या पाटावर जर्नलांची ही चळत! सगळ्यात वरचं उघडं पडलेलं. त्यावर लाल शाई.

बहिणीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. गळ्यातल्या टेपनं माप घेणार की काय असं वाटलं. मग आतल्या खोलीकडे वळून मोठ्यानं विचारलं, “ताई, हेच का गं ते लाल शाईवाले?”

पुन्हाबाई लगबगीनं बाहेर आल्या. बहिणीकडे असं काही बघितलं, की तिनं मशीनवर मान घातली आणि पाय चालवायला सुरुवात केली. बाईंनी अस्तराचं एक कापड उचललं आणि त्या चळतीवर टाकलं. अगदी सहज, धूळ बसू नये म्हणून टाकावं तसं. पण मी पाहायचं ते पाहिलं होतं.

“सही राहिली होती,” मी म्हणालो.

त्यांनी पान बघितलं. सही होती, कोपऱ्यात, बारीक. “आहे की सर. पुन्हा बघा.”

“आणि विसाव्या पानावरचा रकाना? तो कधी भरणार?”

“बैठकीत भरते. त्या आधी नको.”

“का नको?”

“आधी विचारलं तर तो माणूस नाही म्हणेल.” एवढं बोलून त्या चहा आणायला आत गेल्या. मी अर्धा चहा प्यालो, अर्धा तसाच ठेवला आणि निघालो. जिन्यावरून उतरताना वर मशीन थांबल्याचं ऐकू आलं, आणि दोघी बहिणी हसल्या. माझ्यावरच हसल्या असणार.

त्या आठवड्यात मी माझी हरकत लिहिली. लिहिली म्हणजे अशी लिहिली, की कुणाला हात घालायला फट सापडू नये. ‘शिकवणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख नाही, प्रस्ताव मांडणाऱ्या शिक्षिका लवकरच निवृत्त होत आहेत, सबब हा विषय पुढील आढाव्यापर्यंत स्थगित ठेवावा.’ आढावा तीन वर्षांतून एकदा व्हायचा. पुढचा येईल तेव्हा पुन्हाबाई घरी असतील, बहिणीची बटणं लावत. या बैठकीत विषय पास झाला नाही तर तो त्यांच्या हयातीत, म्हणजे नोकरीच्या हयातीत, कधीच होणार नव्हता. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, म्हणूनच तर तसं लिहिलं.

कागद घरी वाचून दाखवला. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, “आणि तिच्या मनात खरंच काही वाईट नसलं तर?”

“चांगला हेतू बत्तीस पानांचा नसतो,” मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

बैठकीच्या दिवशी त्या दोन पिशव्या घेऊन आल्या. एका पिशवीतून त्यांनी एक बोर्ड काढून टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी मीटर. दुसऱ्या पिशवीत जर्नलं होती. ती पिशवी त्यांनी पायाशी ठेवली आणि तिच्यावरून माझी नजर हटेना. अध्यक्ष आमच्या सगळ्यांत वयस्कर, त्यांना सगळे आजोबाच म्हणायचे. हात जरासा थरथरायचा, पण डोकं लख्ख.

“मॅडम, बत्तीस पानं मी वाचली,” आजोबा म्हणाले. “पण हा विषय हवाच कशाला, ते एका वाक्यात सांगा.”

“एका वाक्यात नाही येणार. तुम्हीच मोजून बघा.” त्यांनी मीटर आधी सेलला लावून दाखवला, मग त्याच्या पिना आजोबांच्या हातात दिल्या. “हा चार नंबरचा बोर्ड. दहा व्होल्ट आत देतेय. दोन सारखे रेझिस्टर आहेत, त्यामुळे मधोमध पाच यायला हवेत. छापलंयही पाचच.”

आजोबांनी पिना टेकवल्या. चष्मा सारखा केला. “नऊ. नऊ पॉइंट एक.”

“पुन्हा मोजा.”

“नऊ पॉइंट एक.”

मग बाईंनी पर्समधला स्क्रू-ड्रायव्हर काढून पत्रा उघडला. आत दोनपैकी एक रेझिस्टर नंतर बदललेला दिसत होता. त्यावर त्याचा रोध सांगणारे तीन रंगीत पट्टे. तिसरा तपकिरी हवा होता, तो लाल होता. धूर लागलेल्या डोळ्यांना हे दोन रंग सारखेच दिसतात, आमच्या धंद्यात ही चूक सगळ्यांनी कधी ना कधी केलेली असते. पण त्या एका पट्ट्यानं रोध दहापट होतो.

“मुलांनी बोर्ड जाळला होता, तेव्हा दुरुस्त करायला माझ्याकडे आला,” बाई म्हणाल्या. “अकरा वर्षं झाली. माझी पदवीची परीक्षा तोंडावर होती, घाईत होते. हा रेझिस्टर मी लावलाय. बोर्ड भंगारात जाणार म्हणून मागच्या वर्षी सहज मोजला, तेव्हा मला कळलं.”

मी वाट बघत होतो, पिशवी कधी उघडते त्याची.

“दर वर्षी तीन तुकड्या, एका बोर्डावर दोन मुलं. अकरा वर्षांत सहासष्ट मुलं या बोर्डावर बसली. एक्केचाळीस जणांची जर्नलं स्टोअरमध्ये सापडली. बोर्ड नऊ दाखवतोय आणि चाळीस जणांनी पाच लिहिलंय. काही ठिकाणी चार पॉइंट अठ्ठ्याण्णव लिहिलंय, खरं वाटावं म्हणून.” त्यांनी हातातला पत्रा बाजूला ठेवला. “यातल्या एकोणीस जर्नलांवर माझी सही आहे. मी त्यांना म्हणाले होते, पुन्हा मोजा. त्यांना वाटलं, बाई पुन्हा म्हणाल्या म्हणजे आकडा चुकलाय. मग शेजारच्या बोर्डावरचा पाच बघून यायचे, आणि मी सही करायचे. इतकी वर्षं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि मुलं त्यातून कॉपी करायला शिकली. एकानं तरी मला पकडायला हवं होतं हो.”

तर्जनीवरचा तो पांढरा डाग त्या अंगठ्यानं घासत होत्या.

आजोबांनी विचारलं, “एक्केचाळीस आणि चाळीस. एक राहिलं ना?”

“एका मुलीनं नऊ पॉइंट एक लिहिलं होतं. तिला आपण दुरुस्त केलं.”

आपण! त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पिशवी पायाशी तशीच होती, बंद. माझ्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. ते सगळ्यात वरचं जर्नल, लाल शाईचं, मला आत्ता कुठे समजलं. त्यांनी ते उघडून टेबलावर ठेवलं असतं तर माझी बोलती कायमची बंद झाली असती, आणि प्रस्ताव पास व्हायला त्याहून मोठा पुरावा दुसरा नव्हता. त्यांनी तो वापरला नाही.

“शिकवणार कोण?” आजोबांनी विसावं पान काढलं. “सचिवांची त्यावर हरकत आहे.”

“पहिली दोन वर्षं मी शिकवीन. सोबत आणि नंतर, सचिव सर.”

मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. आजोबा हसले. “हे? का?”

“विभागात त्यांच्याइतकं संशयी कुणी नाही. या विषयाला असाच माणूस लागतो.”

सगळे हसले. मीही हसलो असेन, तोंड तसं झालं होतं खरं. आजोबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मग सचिव, हरकत वाचताय?”

कागद माझ्यासमोर होता. त्या क्षणी उभं राहून सांगायला हवं होतं, की लाल शाई माझी आहे. नाही सांगितलं. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि एवढंच म्हणालो, “हरकत नाही.” विषय पास झाला. विसाव्या पानावरचा रकाना बाईंनी तिथेच, माझ्याच पेनानं भरला.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. पिशवीतून ते जर्नल काढून माझ्या हातात दिलं.

“बैठकीत का नाही दाखवलंत?” मी विचारलं.

“माझ्या एकोणीस सह्या आहेत सर. तुमच्या एका फुलीवर कशाला बोट ठेवू?” मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, “संशय तुमच्यात भरपूर आहे. फक्त तुम्ही तो माणसांवर घेता. कधीतरी छापलेल्या आकड्यावर घेऊन बघा.”

एवढं तोंडावर मला कुणी बोललं नव्हतं. रागही आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून मी जर्नल घरी नेलं. सात वर्षांपूर्वीचं होतं. मुलीचं अक्षर मोत्यांसारखं. उत्तराच्या रकान्यात ९.१. त्यावर माझी फुली, आणि खाली माझ्याच अक्षरात, लाल शाईत: ‘चूक. शेजारच्या विद्यार्थ्याचे पाहून दुरुस्त करा.’ त्याखाली तिनं निमूटपणे ५.० लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. पान खिडकीपाशी उजेडात धरलं तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहून खोडलेलं काहीतरी दिसलं. बायकोनं चष्मा लावून वाचलं: ‘सर, तीनदा मोजले.’

बायकोनं जर्नल मिटून माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या मुलीचा पत्ता मी शोधला. स्टोअरकीपरलाही कामाला लावलं. सापडली नाही. दुसऱ्या वर्षानंतर तिनं शाखा बदलली होती, एवढंच रजिस्टरमध्ये होतं. का बदलली, ते रजिस्टरमध्ये लिहीत नाहीत.

पुन्हाबाई दोन वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. मी त्यांच्याशेजारी उभा राहून मुलांचे डबे तपासायला शिकलो, या वयात. विभागप्रमुख दुसराच कुणी झाला. आता विषय मी एकटा शिकवतो. लाल पेन वापरत नाही. पहिल्या दिवशी डबे देत नाही, दहाही जुने बोर्ड मांडतो. बाईंनी त्या चार नंबरच्या बोर्डातला रेझिस्टर बदलू दिला नव्हता, तो अजून तसाच आहे. मुलांना काही सांगत नाही आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.

यंदा अर्ध्या तासात सगळ्यांची जर्नलं टेबलावर आली. सगळीकडे पाच. चार नंबरवरची एक मुलगी तेवढी मागे राहिली होती. वही छातीशी धरून माझ्यापर्यंत आली आणि घाबरत घाबरत म्हणाली, “सर, माझं चुकतंय बहुतेक. पाच येतच नाहीये.”

मी तिची वही घेतली नाही. खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं.

“किती येतंय?” मी विचारलं.